वाटी, वजनकाटा आणि मधला हिशेब

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. आईच्या वहीत 'चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभराडाळ, एक वाटी उडीदडाळ, एक वाटी जाड पोहे' असे चकलीच्या भाजणीचे प्रमाण असते. वाणी मात्र वाट्यांनी देत नाही, किलोने देतो. मग चारास एक हे प्रमाण तसेच उचलून एक किलो तांदळाला पाव किलो पोहे घेतले जातात. डाळींच्या बाबतीत हा हिशेब चालून जातो, कारण वाटीभर तांदूळ आणि वाटीभर हरभराडाळ यांच्या वजनात फारसा फरक नसतो. पोह्यांपाशी तो कोसळतो. वाटीभर जाड पोहे वाटीभर तांदळाच्या निम्म्याहूनही हलके भरतात. वहीतल्या प्रमाणाने एक किलो तांदळाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास पोहे पुरे असतात, पाव किलो घेतले की ते जवळजवळ दुप्पट होतात. भाजणी बिघडते आणि दोष मोहनाला किंवा गिरणीला दिला जातो.

माप आणि वजन यांचा गोंधळ आहे तो इथेच. वाटी जागा मोजते, काटा वस्तुमान मोजतो, आणि एकाच जागेत मावणाऱ्या वेगवेगळ्या जिनसांचे वजन वेगवेगळे असते. त्यामुळे 'एक वाटी म्हणजे किती ग्रॅम?' या प्रश्नाला एकच एक उत्तर नाही. कसली वाटी आणि कशाची वाटी, या दोन गोष्टी कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मराठी घरांना हे नवे नाही. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली ही धान्याची मापे होती, म्हणजे भरून ओतायची भांडी होती. त्याच वेळी ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅमचा, शेर तराजूत वजन म्हणूनही वापरला जाई. मापाचा शेर आणि वजनाचा शेर वेगळे, हे बाजार करणाऱ्याला पाठ असे. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-लिटर आले आणि दुकानातला व्यवहार सरळ झाला. स्वयंपाकघर मात्र वाटी-चमच्यांवरच राहिले. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने नवख्या हातांना स्वयंपाक शिकवला तोही वाट्या-चमच्यांच्या भाषेतच, आणि ते योग्यच होते. घरात काटा नव्हता, वाटी होती.

वाटी आजही चांगलेच माप आहे, मात्र तिचे बळ प्रमाणात असते. उकडीच्या मोदकांना एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, ही वाटी शंभर मिलिलिटरची असो की दोनशेची, उकड बिघडत नाही. सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले की वाटीचा आकार हिशेबातून आपोआप निघून जातो. अशा पाककृतीचे ग्रॅममध्ये रूपांतर करण्याच्या भानगडीत पडूच नये.

अडचण येते ती वाटीच्या शेजारी एखादी ठरीव वस्तू येऊन बसते तेव्हा. 'तीन अंडी', 'एक डबा कंडेन्स्ड मिल्क', 'एक पाकीट यीस्ट', 'दीड चमचा बेकिंग पावडर'. अंडे काही वाटीबरोबर लहानमोठे होत नाही. कवच काढलेले मध्यम अंडे साधारण पन्नास ग्रॅम भरते, ते भरतेच. अशा पाककृतीत वाटी किती मोठी हे कळल्याशिवाय चालत नाही.

अमेरिकन पाककृतीतला 'कप' वाटी समजून घेतला की नेमके हेच होते. तो कप सुमारे २४० मिलिलिटरचा असतो. आपल्या घरातली आमटीची स्टीलची वाटी बऱ्याचदा दीडशेच्या अलीकडे-पलीकडे असते. ती १६० मिलिलिटरची आहे असे धरले, तर मैदा, साखर, लोणी सगळे एक तृतीयांशाने कमी पडते आणि अंडी तेवढी पूर्ण तीनच्या तीन जातात. केक रबरासारखा होतो. ओव्हनला नावे ठेवून उपयोग नसतो.

म्हणून पहिले काम म्हणजे घरातली वाटी मोजणे. पाण्याच्या एका मिलिलिटरचे वजन एक ग्रॅम असते, त्यामुळे काटा असेल तर हे दोन मिनिटांचे काम आहे. रिकामी वाटी काट्यावर ठेवावी, शून्य करायचे बटन दाबावे आणि पाणी काठोकाठ भरावे. जो आकडा येईल तेवढ्या मिलिलिटरची ती वाटी. काटा नसेल तर एक लिटरची पाण्याची बाटली घेऊन तिच्यात किती वाट्या बसतात ते मोजावे. सव्वासहा वाट्या बसल्या तर वाटी १६० मिलिलिटरची. चमच्यांचेही असेच. औषधाच्या बाटलीबरोबर येणाऱ्या टोपणावर ५ आणि १० मिलिलिटरच्या खुणा असतात, त्यावर घरातला चहाचा आणि जेवणाचा चमचा ताडून पाहावा. पाककृतींमधला लहान चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ मिलिलिटरचा धरलेला असतो. घरातले चमचे, विशेषतः नव्या घडणीचे पसरट चमचे, या आकड्यांना धरून असतीलच असे नाही.

हा आकडा वाटीच्या बुडाला लिहून ठेवला तरी हरकत नाही. एक वाटी कायमची 'मापाची' ठरवावी आणि ती दुसऱ्या कामाला काढू नये.

आता कशाची वाटी, हा भाग. शंभर मिलिलिटर जागेत कोणता जिन्नस किती ग्रॅम मावतो, एवढे लक्षात ठेवले की कुठल्याही वाटीचा हिशेब काढता येतो. पाणी १०० ग्रॅम, दूध आणि दही १०३ च्या जवळपास. तेल आणि पातळ केलेले तूप ९१-९२. मध मात्र १४०, म्हणजे पाण्याच्या जवळजवळ दीडपट. दाणेदार साखर ८५. बारीक मीठ १२० च्या आसपास. तांदूळ आणि बहुतेक डाळी ८० ते ८५. रवा ७०. मैदा हलक्या हाताने भरला तर ५० ते ५३, कणीकही त्याच घरात. बेसन ४० ते ५०, कारण ते चाळलेले आहे की डब्यात बसलेले आहे यावर बरेच अवलंबून असते. कच्चे शेंगदाणे साठ-एकसष्ट. घरची वाटी १६० मिलिलिटरची असेल तर या आकड्यांना १.६ ने गुणावे: साखर १३६ ग्रॅम, रवा ११२, मैदा ८३, तेल १४७. उलटे जायचे तर भागावे. २०० ग्रॅम साखर हवी असेल तर २०० भागिले १३६, म्हणजे दीड वाटीला थोडी कमी.

हेच अमेरिकन केकवर चालवून पाहता येईल. दोन कप मैदा म्हणजे सुमारे २५० ग्रॅम, आपल्या १६० च्या वाटीने तीन वाट्या. एक कप साखर २०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड वाटी. अर्धा कप लोणी ११३ ग्रॅम, म्हणजे पाऊण वाटी. तिकडे लोण्याची एक कांडी बरोबर एवढ्याच वजनाची मिळते, म्हणून काही पाककृतींत नुसते 'एक कांडी' लिहिलेले असते. दोन कपांच्या दोन वाट्या झाल्या नाहीत, तीन झाल्या, हे इथे डोळ्यांना दिसते.

मैद्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळ्यात जास्त घोटाळे इथे होतात. डब्यात वाटी खुपसून मैदा उचलला की वाटीच्या कडेने तो दाबला जातो, वर शीग राहते, ती बोटाने सारखी केली तरी आतला मैदा घट्टच असतो. तोच मैदा आधी चमच्याने हलवून मोकळा केला, चमच्याचमच्याने वाटीत सोडला आणि सुरीच्या पाठीने सपाट केला, तर २४० मिलिलिटरच्या कपात सुमारे १२०-१२५ ग्रॅम बसतो. खुपसून घेतलेला १४०-१५० पर्यंत जातो. दोन कपांच्या केकमध्ये ही तफावत ४०-५० ग्रॅमची होते, आणि एवढ्या जास्त मैद्याने केक कोरडा, फाटलेल्या डोक्याचा होतो. वाटी एकच, मैदा एकच, फरक फक्त हाताचा. अमेरिकेत १८९६ साली फॅनी फार्मर यांनी आपल्या पाकपुस्तकात कप आणि चमचे सपाट करून मोजण्यावर भर दिला, तो याच कारणासाठी.

पाककृतीत 'चाळून दोन वाट्या' आणि 'दोन वाट्या, चाळून' हेही एक नव्हे. पहिल्यात आधी चाळून मग मोजायचे, दुसऱ्यात आधी मोजून मग चाळायचे. चाळलेला मैदा फुलतो, वाटीत कमी बसतो. काट्यावर मोजले तर हा वादच राहत नाही, कारण चाळल्याने वजन बदलत नाही.

पिठीसाखरेची गोष्ट त्याहून मोठी. वाटीभर दाणेदार साखर दळली की तिची वाटीभर पिठीसाखर होत नाही, दीड वाटीहून बरीच जास्त होते. हलक्या हाताने भरली तर पावणेदोनच्या घरातही जाते. शंभर मिलिलिटरला पिठीसाखर पन्नासच्या आसपासच भरते. बेसनाच्या लाडवांना 'दोन वाट्या बेसनाला एक वाटी साखर' असे कुणी सांगितले, तर ती साखर दळण्याआधी मोजायची की नंतर, हे विचारून घ्यावे. आधी मोजली तर १६० च्या वाटीने १३६ ग्रॅम पडते, नंतर मोजली तर ८० ग्रॅम. एकाच वहीतल्या प्रमाणाने दोन बहिणींचे लाडू एकीचे गोडमिट्ट आणि दुसरीचे अगोड होतात ते यामुळे. दाण्याचे कूट, वेलचीपूड, मिरपूड, सगळ्याच दळलेल्या जिनसांना हे लागू आहे.

मिठाचे उलट. खडेमीठ चमच्यात सैल बसते, खड्यांच्या मधे हवा राहते, म्हणून चमचाभर खडेमीठ चमचाभर बारीक मिठापेक्षा वजनाने कमी भरते. आमटीत हे चालते, चव घेऊन वर घालता येते. लोणच्यात चालत नाही. लोणचे टिकवते ते मीठ, आणि तिथे चव घेऊन थांबण्याची मुभा नसते. फोडींच्या वजनाच्या साधारण १५ टक्के मीठ हा टिकाऊ लोणच्यांचा रूढ हिशेब आहे: एक किलो फोडींना दीडशे ग्रॅम. फोडीही वजनाने घ्याव्यात आणि मीठही वजनानेच. फोडी लहान केल्या की वाटीत जास्त बसतात, मोठ्या केल्या की कमी, तेव्हा वाट्यांनी मोजलेल्या कैरीला कोणतेच मीठ नक्की जुळत नाही.

मग काटा घ्यावा का? घ्यावा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, पाच किलो तोलणारा साधा बॅटरीवरचा काटा घरच्या सगळ्या कामांना पुरतो. त्याचा खरा फायदा अचूकतेपेक्षाही सोयीचा आहे. परात काट्यावर ठेवायची, शून्य करायचे, मैदा ओतायचा. पुन्हा शून्य, साखर. पुन्हा शून्य, तूप. वाट्या भरायच्या नाहीत, घासायच्या नाहीत. मध, काकवी, तूप असे चिकट जिन्नस मोजायचे तर याहून सोपी रीत नाही. बरणीच काट्यावर ठेवून शून्य करावे आणि चमच्याने मध काढत जावे. काटा उणे आकडा दाखवतो. उणे साठ दिसले की साठ ग्रॅम मध परातीत गेला.

मात्र काट्यालाही मर्यादा आहे. दोन-तीन ग्रॅमच्या आतबाहेरच्या गोष्टी साध्या काट्यावर भरवशाने मोजता येत नाहीत. एक ग्रॅमचा काटा चार ग्रॅम दाखवतो तेव्हा खरे वजन साडेतीनही असू शकते. खायचा सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट, केशर, हळद यांना चमचाच बरा. सपाट भरलेल्या लहान चमच्यात सोडा सुमारे पाच ग्रॅम, बेकिंग पावडर चार, सुके यीस्ट तीन आणि बारीक मीठ सहा ग्रॅम मावते. म्हणजे मोठे जिन्नस काट्यावर आणि चिमटीचे जिन्नस चमच्याने, ही विभागणी पक्की ठेवावी.

काटा नसेल आणि घट्ट लोणी मोजायचे असेल, तर एक जुनी युक्ती आहे. मापाच्या भांड्यात १०० मिलिलिटर पाणी घ्यावे आणि लोण्याचे गोळे बुडतील असे घालत जावे. पाणी २०० वर आले की १०० मिलिलिटर लोणी पडले. वजनाने ते ९५-९६ ग्रॅम असते. मग पाणी ओतून द्यावे. घट्ट तुपाला हे जमत नाही, ते पातळ करूनच मोजावे, कारण रवाळ तुपात किती पोकळी राहिली हे डोळ्यांना कळत नाही.

हिरव्या आणि ओल्या जिनसांना मात्र माप-वजनाचे कोणतेच कोष्टक लावू नये. 'वाटीभर कोथिंबीर' दाबून की मोकळी, 'वाटीभर खोबरे' नारळ कसा खोवला त्याप्रमाणे. गूळही तसाच: ढेपेचा चिरलेला, किसलेला आणि पावडरीचा, तिघांची वाटी वेगळी. पुरणपोळीला डाळ आणि गूळ सारखे घ्यायचे तर दोन्ही कोरडे असतानाच तोलावे. भिजलेली किंवा शिजलेली डाळ तोलली तर तिने प्यालेले पाणीही हिशेबात येते.

आता जुन्या वह्यांचे काय करायचे? त्या पूर्ण बदलायची गरज नाही. शंकरपाळ्यांचे घ्या. एक वाटी तूप, एक वाटी दूध, एक वाटी साखर आणि 'मावेल तेवढा मैदा'. या शेवटच्या तीन शब्दांत फार मोठे शहाणपण आहे. मैदा किती कोरडा, दूध किती दाट, पावसाळी हवेत पिठाने किती ओल धरली, हे सगळे हात बघतो आणि पीठ हवे तसे झाले की थांबतो. पण ज्याने ते पीठ कधी हातात घेतलेले नाही, त्याला 'मावेल तेवढा' कळत नाही. त्यासाठी एक साधा उपाय आहे. पुढच्या वेळी घरातली जाणती बाई शंकरपाळे करायला बसली की मैद्याचा डबा आधी तोलावा आणि पीठ मळून झाल्यावर पुन्हा तोलावा. मधला फरक म्हणजे तिचा 'मावेल तेवढा'. तो आकडा वहीत त्या ओळीशेजारी लिहावा, मूळ शब्द खोडू नयेत. तिला थांबवून 'किती ग्रॅम?' असे विचारत बसण्यापेक्षा हे बरे. अंदाजपंचे वाटणारे हात किती नेमके असतात, हे दोन-तीनदा तोलून पाहिले की लक्षात येते.

हीच वही परदेशी गेलेल्या लेकीसुनांच्या हाती पडते तेव्हा वाटीचा आकार लिहिलेला असणे सगळ्यात मोलाचे ठरते. 'माझी वाटी १६० मिलिलिटरची' एवढी एक ओळ पहिल्या पानावर असली की पुढचे सगळे हिशेब तिचे तिला काढता येतात. तिथली मापे देशागणिक बदलतात. ऑस्ट्रेलियात कप २५० मिलिलिटरचा आणि मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. जपानात स्वयंपाकाचा कप २०० मिलिलिटरचा, तर राईस कुकरबरोबर येणारा छोटा प्लॅस्टिकचा कप १८० चा. अमेरिकेत औंस हा शब्द द्रवाला वेगळा आणि वजनाला वेगळा: द्रवाचा औंस सुमारे ३० मिलिलिटर, वजनाचा २८ ग्रॅमच्या थोडा वर. पाण्याला हा फरक जाणवत नाही, पण आठ द्रव-औंस मैदा म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या आत आणि आठ वजनी औंस मैदा म्हणजे २२७ ग्रॅम.

बाजारातही हा हिशेब उपयोगी पडतो. तेलाची पिशवी घेताना लिटरच्या आकड्याशेजारचा ग्रॅमचा आकडा वाचावा. तेल तापले की फुगते, तेवढ्याच जागेत कमी वजनाचे मावते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने खाद्यतेल कंपन्यांना सांगितले की मिलिलिटर-लिटरबरोबर तापमान छापू नका, वजनही लिहा, आणि १५ जानेवारी २०२३ पर्यंत वेष्टने दुरुस्त करा. विभागाने दिलेले उदाहरण बोलके आहे: सोयाबीनचे एक लिटर तेल २१ अंश सेल्सिअसला ९१९.१ ग्रॅम भरते आणि ६० अंशांना ८९२.६ ग्रॅम. दोन्ही 'एक लिटर', पण गिऱ्हाइकाच्या घरी साडेसव्वीस ग्रॅम कमी तेल. दोन कंपन्यांचे तेल शेजारी ठेवून भाव ताडायचा असेल तर तो ग्रॅमवर ताडावा.

आणि घरचा काटा? तोही अधूनमधून तपासून घ्यावा. मापाच्या भांड्यात अर्धा लिटर पाणी मोजून काट्यावर शून्य केलेल्या पातेल्यात ओतले की ५०० च्या आसपास आकडा यायला हवा. पाच-सात ग्रॅमचा फरक मापाच्या भांड्याचाही असू शकतो. त्याहून जास्त फरक वारंवार दिसला तर आधी सेल बदलावा, काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवावा, पंखा बंद करावा आणि पुन्हा बघावे. थेट झोताखाली हलक्या वजनाचा आकडा डळमळतो, आणि ओट्याच्या उताराच्या कडेला ठेवलेला काटा रोज वेगळे सांगतो.